रिकाम्या बाटल्या

प्राध्यापकाच्या टेबलाखाली रिकाम्या बाटल्यांची पिशवी सापडावी, याहून त्याच्या चारित्र्यास अधिक घातक असे दृश्य आमच्या जिल्ह्याच्या गावी तरी दुसरे नसेल. गेल्या श्रावणात माझ्या टेबलाखाली अशी एक पिशवी होती आणि ती आठवड्यागणिक फुगत चालली होती. तास संपवून परतताना एखाद्या विद्यार्थ्याने बाकाखाली टाकलेली पाण्याची बाटली दिसली, की मी इकडे तिकडे पाहून ती उचलीत असे. विभागातील तरुण सहकाऱ्यांनी काही दिवस सौजन्याने तिकडे दुर्लक्ष केले. अखेर आमच्या शिपायाने धीर करून विचारले, "सर, भंगारवाला किलोमागं काय देतो?" मी त्याला खरे कारण सांगितले, तेव्हा त्याच्या मुद्रेवर निराशेची स्पष्ट छटा उमटली. भंगाराचा जोडधंदा त्याला समजण्यासारखा होता. परंतु पंचावन्नी उलटलेल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने लहान मुलांसाठी बाटल्यांत रंगीत पाणी भरावे, हे त्याच्या मते निवृत्तीची वेळ जवळ आल्याचे लक्षण असावे.

या उद्योगाचे मूळ नेकनूरला आहे. बीडहून निघून मांजरसुंब्याला केजचा रस्ता धरला, की बालाघाटाच्या पठारावर आमचे हे गाव लागते. वारकऱ्यांना ते बंकटस्वामींच्या मठामुळे माहीत असते, शेतकऱ्यांना आठवडी बाजारामुळे, आणि मला तेथील आमच्या माळवदाच्या जुन्या घरामुळे. त्या घरात आता माझी धाकटी चुलत बहीण राहते. तिला आम्ही सारे माई म्हणतो. ती गावातील एका अंगणवाडीची सेविका आहे. गेली वीसबावीस वर्षे ती मुलांची वजने घेते, त्यांना खाऊ घालते, नोंदवह्या भरते, आणि अलीकडे त्याच नोंदी सरकारी मोबाइलमध्येही भरते. या सर्वांतून जो काही वेळ उरतो त्यात ती मुलांना शिकवते. 'उरतो' हा शब्द माझा. तिला विचारले तर ती म्हणेल, "दादा, वेळ उरत नसतो, चोरावा लागतो."

गेल्या मे महिन्यात माझी मुलगी पुण्याहून आपल्या तीन वर्षांच्या लेकीला घेऊन नेकनूरला आली. नातीच्या सामानात कपड्यांपेक्षा खेळणी अधिक होती, आणि त्या खेळण्यांत दोन वस्तू मला सर्वस्वी नव्या होत्या. एक होती घट्ट बंद केलेली बाटली. तिच्यात निळसर दाट पाणी भरलेले, आणि त्यात चमचमणाऱ्या टिकल्या व चांदण्या. बाटली उलटी केली की त्या चांदण्या अगदी सावकाश, जणू काही घाईच नाही अशा, खाली उतरत. हिला 'सेन्सरी बॉटल' म्हणतात, असे मुलीने मला सांगितले. दुसरी वस्तू म्हणजे डबीतला एक हिरवा, थंडगार, लिबलिबीत गोळा. ओढला तर वितभर लांबतो, झटका दिला तर काडकन तुटतो, आणि जमिनीवर ठेवला तर हळूहळू पसरून आपणच आपला सपाट होतो. याचे नाव 'स्लाइम'. आमच्या मराठीत त्याला शेंबूड हाच शब्द सर्वांत जवळचा आहे, आणि नातीने तो माईकडून पहिल्याच दिवशी शिकून घेतला.

माझ्या इंग्रजीच्या अध्यापनात रसायनशास्त्राला जागा नाही. पण डबीवरचा बारीक मजकूर वाचण्याची खोड मला आहे, आणि त्या वाचनातून पुढे पुष्कळ वाचन निघाले. सुतार वापरतात तसला पांढरा गोंद आणि टाकणखार, एवढ्या दोनच जिनसांची ही मुख्य करामत. गोंदातले अणुसमूह शेवयांसारखे लांबलचक धाग्यांचे असतात. ओल्या शेवया जशा एकमेकींवरून घसरतात तसे हे धागेही घसरतात, म्हणून गोंद वाहतो. त्यात टाकणखाराचे पाणी पडले म्हणजे त्या धाग्यांना जागोजाग गाठी बसतात. पण या गाठी कच्च्या असतात. सावकाश ओढले तर त्या सुटतात आणि पुन्हा दुसरीकडे बसतात, म्हणून गोळा लांबतो. झटका दिला तर त्यांना सुटायला वेळच मिळत नाही, म्हणून तो तुटतो. माणसांच्या समजुतीही बहुधा अशाच घडतात व मोडतात; पण ते असो. टाकणखार म्हणजे सोनार दागिन्याला डाग देताना वापरतो तोच. हे खेळणे १९७६ साली अमेरिकेतील मॅटेल कंपनीने पहिल्याने बाजारात आणले, तेव्हा त्यात सुताराचा गोंद नव्हता. गवारीच्या बियांचा डिंक होता. ज्या गवारीच्या शेंगा आमच्या घरी मुले ताटाच्या कडेला सारतात, तिच्या डिंकासाठी तिकडची मुले हट्ट धरीत होती, हे वाचून मला फार समाधान वाटले.

चार दिवसांनी नातीच्या दोन्ही तळहातांवर लालसर पुरळ उठले. दोष त्या गोळ्याचाच होता असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मराठवाड्यातील मे महिना स्वतःच्या बळावर पुरळ उठविण्यास पूर्ण समर्थ आहे. पण टाकणखाराने नाजूक कातडी चुरचुरते, तो पोटात जाणे वाईट, आणि तीन वर्षांच्या मुलाचा हात तोंडात जाण्यावाचून राहत नाही, या तिन्ही गोष्टी खऱ्या. युरोपातील कायद्याने असल्या चिकट खेळण्यांतून सुटणाऱ्या बोरॉनला किलोमागे ३०० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, ती उगीच नव्हे. आमच्या डबीवर मर्यादेचा उल्लेख नव्हता. 'मुलांच्या बुद्धिविकासास उपयुक्त' एवढे मात्र ठळक अक्षरांत होते. मुलीने ती डबी उचलली आणि उकिरड्यावर नेऊन टाकली. त्यानंतर नातीने जो आकांत मांडला, त्याने शेजारची म्हातारी, कुणाला विंचू चावला म्हणून, धावत आली.

माई तेव्हा चुलीपाशी होती. तिने काही न बोलता मडक्यातून वाटीभर जवस काढला, पाच वाट्या पाण्यात घालून चुलीवर चढविला आणि पळीने ढवळीत बसली. जवस आमच्या घरी चटणीसाठी असतोच. पाण्याला उकळी फुटली, पाणी दाटू लागले, आणि पळी वर उचलल्यावर जेव्हा तिच्यावरून तार लोंबू लागली तेव्हा माईने ते भांडे उतरवून गरम असतानाच जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळले. "निवलं की गाळायचं नाव नको," ती म्हणाली. त्या वेळी मी ते ऐकून सोडून दिले. पुढे बीडच्या स्वयंपाकघरात एकट्याने हाच प्रयोग करताना तिचे वाक्य मला पुरते आठवले, कारण निवलेला जवस फडक्याला जो बिलगला तो फडक्यासकट टाकावा लागला. माईने मात्र गाळलेल्या त्या बुळबुळीत द्रवात चिमूटभर हळद टाकली, मूठमूठ मक्याचे पीठ घालीत तो मळला, आणि नातीच्या समोर एक पिवळाधमक, लोळणारा, लांबणारा गोळा ठेवला. तो मॅटेलच्या गोळ्याइतका लांबत नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येऊ लागला आणि तिसऱ्या दिवशी तो म्हशीच्या आंबोणात गेला. पण तोंडात गेला तरी चिंता नव्हती, आणि तो दर दोन दिवसांनी नव्याने करावा लागे ही मला त्याची सर्वांत मोठी थोरवी वाटते. कारण नातीला गोळ्याशी खेळण्यापेक्षा तो करण्यातच अधिक रस होता.

त्या दुपारी माळवदाखाली बसून मी आणि माई आमच्या लहानपणच्या चिकट वस्तूंची यादी करू लागलो. बाभळीचा डिंक. भोकराचा गर, शाळा उघडताना वह्यांना कागद चिकटवायला आम्हांला दुसरा गोंद ठाऊक नव्हता, आणि निम्मा गर वहीऐवजी एकमेकांच्या केसांना लागे. पाण्यात टाकलेला सब्जा. कुरडयांचा चीक, तो भांड्यात असताना त्याच्यात बोट खुपसण्यासाठी आम्ही किती मार खाल्ला असेल! आणि कणीक. आई पोळ्या लाटताना लिंबाएवढा गोळा काढून द्यायची. त्याची आम्ही चिमणी करायचो, आणि ती काळीकुट्ट झाली तरी आई ती तव्यावर भाजून द्यायची. कोणत्या ज्ञानेंद्रियाचा विकास होत आहे असा विचार तिच्या मनात नव्हता. मूल चुलीपासून दूर राहावे, एवढाच तिचा हेतू.

वाचक म्हणतील, म्हातारपणी सर्वांना आपले बालपण गोड वाटते. कबूल आहे. पण माझ्यापुरती याची दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा निबंध पुरा होणार नाही.

आम्ही बीडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो तेव्हाची गोष्ट. मुलगी पाच वर्षांची होती. एका उन्हाळ्याच्या संध्याकाळी मी विद्यापीठाचे पेपर तपासायला बसलो, तो लाल शाईची दौत जागेवर नाही. शोधीत स्वयंपाकघरात गेलो. मुलगी जमिनीवर पालथी पडली होती. तिच्यासमोर औषधाची काचेची बाटली. तिच्यात अर्धे पाणी, त्यावर तिच्या आईच्या केसांना लावायच्या तेलाचा बोटभर थर, आणि ती ड्रॉपरने त्यात माझी शाई एकेक थेंब सोडीत होती. फरशीवर तेल, हातांना शाई, परकरावर दोन्ही. मला पाहून ती आनंदाने म्हणाली, "बाबा, यात पाऊस पडतो!" मी काय केले? जे माझ्या पिढीचा कोणताही सुशिक्षित बाप करील तेच केले. तिच्या पाठीत एक धपाटा घातला, बाटली मोरीत रिकामी केली, तिचे हात साबणाने दोनदा धुतले, आणि तिला पाढे म्हणायला बसविले. तो पाऊस काय होता हे पाहण्यासाठी मी एक क्षणही वाकलो नाही.

पंचवीस वर्षांनी नेकनूरच्या ओसरीवर नातीची विकतची बाटली हातात धरून मी बसलो होतो, आणि तिची किंमत ऐकून मुलीला उधळेपणावर व्याख्यान देण्याच्या बेतात होतो, तेव्हा ती मोरी एकाएकी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. व्याख्यान मी दिले नाही. रात्री सर्व निजल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. एका पेल्यात पाणी घेतले, त्यावर करडईचे तेल ओतले, आणि पाण्यात कालवलेल्या कुंकवाचा थेंब चमच्याने वरून सोडला. थेंब तेलात विरघळला नाही. तो लहानशा लाल मण्यासारखा गोल राहिला, तेलातून हळूहळू खाली आला, तेल व पाणी यांच्या सीमेवर जाऊन थबकला. क्षणभर वाटले, आता हा तेथेच राहणार. मग तो एकदम फुटला आणि त्याच्या लाल रेघा पाण्यात तिरप्या तिरप्या उतरू लागल्या. अगदी दूरच्या शेतावर सर पडताना दिसते तशा. पाऊसच होता तो. जिल्ह्यात ज्या गोष्टीची सर्वांनी वाट पाहावी अशी ती एकच गोष्ट, आणि मी ती मोरीत ओतली होती!

मी दुसऱ्या दिवशी मुलीला हे सांगितले. तिने जरा आठवून पाहिले आणि ती म्हणाली, "बाबा, मला काहीच आठवत नाही हो." तिचा हा प्रांजळपणा मला त्या वेळी थोडा झोंबला. अपराध कबूल करावा आणि फिर्यादीलाच फिर्याद आठवू नये, यासारखी पंचाईत नाही.

मुलांच्या हाताला आणि डोळ्याला काम द्यावे, हा विचार काही पुण्यामुंबईच्या दुकानदारांनी काढलेला नाही. जर्मनीत फ्रोबेलने बालोद्यान काढले तेव्हा त्याच्या खेळण्यांपैकी पहिले खेळणे म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू होते. माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत आपले बालगृह उघडले, आणि रंगाच्या पट्ट्या, आवाजाच्या डब्या, खरखरीत व गुळगुळीत फळ्या असे शास्त्रशुद्ध साहित्य बनविले. पण ते साहित्य महाग. आपल्याकडे ही अडचण ताराबाई मोडकांनी फार लवकर ओळखली. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत काम करून, १९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत राहिल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. ते गुरांमागे रानात जात असेल तर तिकडे न्यावी, म्हणून कुरणशाळा. आणि परदेशी फळ्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने, बांबूचे तुकडे. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पसरला; पण शब्द जेवढा पसरला तेवढे शिंपले पसरले नाहीत, असे माझे मत आहे. माईने ताराबाईंचे नाव प्रशिक्षणात एकदा ऐकले होते. त्यांचे काम ती करीत होती, पण ते त्यांचे आहे हे तिला माहीत नव्हते.

बुद्धिविकासाच्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही, हे येथेच सांगून टाकतो. बाटलीतल्या चांदण्या पाहून कोणी गणितज्ञ होत असेल असे मला वाटत नाही. रडणारे मूल ती हातात दिल्यावर उगी राहते आणि तिच्याकडे टक लावून पाहते, एवढे मी पाहिले आहे. तीन वर्षांच्या जिवाने एका वस्तूकडे दोन मिनिटे सलग पाहणे ही माझ्या पदवीच्या वर्गाच्या मानाने तर फारच मोठी गोष्ट होय.

तर मुलगी आणि नात पुण्याला परतल्यावर माईचा फोन आला : "दादा, कॉलेजात पोरं बाटल्या टाकतात ना? त्या आण." आणि माझ्या टेबलाखाली पिशवी आली.

दसऱ्यानंतरच्या एका शनिवारी अंगणवाडीत आम्ही बाटल्या भरायला बसलो. माई, तिची मदतनीस, पाचसहा मुलांच्या आया आणि मी. वास्तविक याआधी आमचे दोन प्रयोग सपशेल फसले होते. पहिल्यांदा आम्ही पाण्यात तांदूळ व ज्वारीचे दाणे घालून बाटल्या बंद केल्या. चौथ्या दिवशी त्या फुगून टणक झाल्या आणि एकीचे झाकण भर दुपारी बंदुकीसारखे उडाले. मदतनीस अजून त्या फळीखालून जाताना वाकून जाते. दुसऱ्यांदा खोबरेल तेल वापरले, ते पहिल्याच गार पहाटे थिजून पांढरे बूच झाले. आता आम्ही शहाणे झालो होतो. धान्य कोरड्या बाटलीत : एकीत ज्वारी, एकीत तूर, एकीत नदीचे खडे. या वाजवून ओळखायच्या. तेलाच्या बाटलीत करडईचे तेल व उकळून निवविलेले रंगीत पाणी. चांदण्यांच्या बाटलीत निम्मे पाणी आणि निम्मे औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन. ग्लिसरीन पाण्याच्या हजारपटीहून अधिक दाट वाहते, त्यामुळे त्याच्या मिश्रणात टिकली पडत नाही, उतरते. टिकल्या आणि मणी बाजारातल्या बांगडीवाल्याकडून आणले. झाकणाला प्रथम आम्ही पांढरा गोंदच लावीत होतो. तो पाण्याने सुटतो हे एका मुलाच्या सदऱ्यावर कळले, तेव्हापासून नळवाल्याची एम-सील. झाकण उघडता कामा नये, हा यातला पहिला आणि शेवटचा नियम. सुटलेला मणी घशात अडकला तर खेळ तेथेच संपतो. म्हणून माई दर सोमवारी एकेक बाटली हाताने पिळून, उलटी करून तपासते, आणि तडकलेली दिसली की मोडून टाकते.

बाया प्रथम लाजत होत्या. पण एकीने तेलाची बाटली आडवी धरून हलविली, आतून पिवळ्या लाटा उठल्या, आणि ती "अगं बया!" म्हणून जी पाहत बसली, ती हाक मारली तरी ऐकेना. पुढे माईने मला सांगितले, त्या दिवशी मुलांपेक्षा आयाच जास्त खेळल्या. मुलांचे काय वर्णन करू? एका पोराने खड्यांची बाटली कानाशी धरून "डंपर" असे जाहीर केले. दुसऱ्याला तेलाचे बुडबुडे म्हणजे भजी वाटली. आणि चारएक वर्षांची एक सावळी, बारीक, कमी बोलणारी मुलगी चांदण्यांची बाटली घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली. ती बाटली उलटी करी, शेवटची चांदणी तळाला टेकेपर्यंत श्वास रोखल्यासारखी पाही, आणि मग पुन्हा उलटी करी. घरी जायची वेळ झाली तरी बाटली तिच्या हातून सुटेना.

तिचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. आमच्या जिल्ह्यातून दिवाळी झाली की लाखांनी माणसे कोल्हापूर, सांगलीपासून कर्नाटकापर्यंतच्या कारखान्यांना ऊस तोडायला निघतात. नवरा आणि बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली आणि बहुधा खर्चही झालेली असते. मुलांसाठी गावी हंगामी वसतिगृहे निघतात, पण ती शाळेच्या वयाच्या मुलांसाठी. चार वर्षांचे पोर आईबरोबर फडावर जाते, कोपीत झोपते आणि वाढ्यांच्या ढिगाशी खेळते. या मुलीच्या घरी मागे ठेवायला आजी नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी ती बापाचा हात धरून अंगणवाडीत आली. मी दिवाळीच्या सुट्टीत नेकनूरलाच होतो. बाप चौकटीतच उभा राहिला आणि खाली पाहत म्हणाला, "बाई, ती बाटली मागतीय. पैसे लागत असले तर देतो." माईने माझ्याकडे पाहिले. मी मनात म्हणालो, यात विचार तो कसला? द्यावी! पण माई काही क्षण गप्प राहिली, आणि मग तिने जे सांगितले ते माझ्या दोन पदव्यांना सुचले नव्हते. कोपीत पिण्याचे पाणी असल्याच बाटल्यांत भरून ठेवतात. अंधारात, तहानेत, कोणाचेही मूल झाकणाला दात लावील. तिथे सोमवारी तपासणारे कोणी नाही. "दादा, इथं खेळणं आहे. तिथं ती पाण्याची बाटली दिसेल."

तिने त्या मुलीला ज्वारीचा खुळखुळा देऊ केला. आम्ही मिठाईच्या लहान पत्र्याच्या डबीत केला होता आणि बाहेरून कापडाने शिवला होता. मुलीने तो घेतला; पण तिचे डोळे फळीवरच होते. मग माईने चांदण्यांची बाटली खाली काढली, आपल्या करगोट्यांच्या पुडक्यातला लाल दोरा तिच्या गळ्याशी मुलीकडूनच बांधवून घेतला, आणि म्हणाली, "ही तुझी. तू येईस्तोवर दुसरं कुणी हलवायचं नाही." मुलीने बाटली एकदा उलटी केली, साऱ्या चांदण्या उतरू दिल्या, आणि आपण होऊन माईच्या हातात दिली. ती रडली नाही. रडली असती तर मला बरे वाटले असते.

माईचे बरोबर होते, हे मला पटते. तरी त्या रात्री मला झोप आली नाही. पंचवीस वर्षांपूर्वी मी एक बाटली मुलीच्या हातून काढून घेतली ती मूर्खपणाने, आणि आज दुसरीच्या हातून काढून घेतली गेली ती शहाणपणाने. पण हातून बाटली जाताना मुलाला त्यातला भेद कसा कळावा? शहाणपण आमच्याकडे होते, हे खरे. सुरक्षित जागा मात्र तिच्याकडे नव्हती, आणि ती देणे माईच्या किंवा माझ्या हातात नव्हते.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो तेव्हा अंगणवाडीत नवे पीक आले होते. दोन पोरे तेलाच्या बाटलीसाठी भांडत होती, एक जण जवसाचा गोळा स्वतःच्या कपाळाला लावून बसला होता आणि माई वजनकाट्याशी झगडत होती. फळीवर लाल दोऱ्याची बाटली होती. तिच्यावर धूळ बसली होती. आतल्या चांदण्या तळाशी एकावर एक निजल्या होत्या. त्या पुन्हा उठतात की एकमेकींना चिकटून गेल्या, हे पाहण्याची मला अनावर इच्छा झाली. मी हात वर केलाही. तेवढ्यात कपाळाला गोळा लावलेले ते पोर मोठ्याने ओरडले, "ओ आजोबा, ती हलवायची नसती!"

आता फाल्गुन उतरत आला आहे. काही कारखान्यांचे पट्टे पडले, टोळ्या परतू लागल्या आहेत, असे माई परवा फोनवर म्हणाली. त्या मुलीच्या टोळीचा कारखाना अजून चालू आहे. गुढीपाडव्यापर्यंत येतील असा निरोप आहे. ग्लिसरीन संपले आहे, येताना दोन बाटल्या आण, असेही तिने सांगितले. आणि रिकाम्या जितक्या मिळतील तितक्या.

शिपायाने हल्ली माझ्यासाठी त्या वेगळ्या काढून ठेवायला सुरुवात केली आहे.